सर्व्हरचा टाइमझोन बदलला, पण चालू प्रोग्रॅमला कळलंच नाही: असं का होतं आणि काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) होता. रोजचा रिपोर्ट रात्री साडेअकराला यायला हवा, तो पहाटे पाचला यायचा, म्हणून ऑपरेशन्सच्या टीमने मंगळवारी संध्याकाळी टाइमझोन बदलून 'एशिया/कोलकाता' केला. मशीन किंवा सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या नाहीत. पुढे तीन गोष्टी झाल्या. सी++ मधल्या रिपोर्ट सर्व्हिसच्या लॉगमध्ये लगेच भारतीय वेळ दिसू लागली, तरी रिपोर्ट पहाटे पाचलाच आला. दुसरी सी++ सर्व्हिस बुधवारी सकाळपर्यंत यूटीसीच लिहीत राहिली आणि १०:४० ला कुणीही हात न लावता अचानक भारतीय वेळेवर आली. जावामधली बिलिंग सर्व्हिस अजूनही यूटीसीवरच आहे. विचारणाऱ्याचं म्हणणं, 'एकाच मशीनवर तीन तऱ्हा कशा? आणि चालू प्रोग्रॅमने टाइमझोनचा बदल पकडायची बरोबर पद्धत कोणती?'

तिन्ही तऱ्हांना सरळ कारणं आहेत. आधी ती बघू. 'पकडायची पद्धत' हा प्रश्न मात्र मी थोडा मोडून विचारणार आहे, कारण तुमच्यासारख्या बॅकएंडमध्ये बहुतेक वेळा बदल पकडण्याची गरजच पडू नये.

टाइमझोन बदलला म्हणजे मशीनचं घड्याळ बदललं, असं नाही. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मोजतो ते १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद (यांनाच एपॉक सेकंद म्हणतात), आणि त्या आकड्याला झोनशी देणंघेणं नाही. बदलते ती मुख्यतः एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारी लिंक. ईटीसी डिरेक्टरीतली 'लोकलटाइम' नावाची लिंक आधी यूटीसीच्या फाइलकडे बोट दाखवत होती, आता कोलकात्याच्या फाइलकडे दाखवते. झोन बदलणारी टाइमडेटसीटीएल कमांड मुख्यतः एवढंच करते. चालू प्रोसेसना ती सिग्नल वगैरे काही पाठवत नाही. ज्याला हवं त्याने जाऊन बघावं, असा कारभार आहे.

(इथे एक पोटसूचना. काही ठिकाणी झोन बदलण्याऐवजी डेट कमांडने घड्याळच साडेपाच तास पुढे सरकवतात. तो प्रकार फार वाईट. त्यात खरे एपॉक सेकंदच चुकतात, टोकन वेळेआधी संपतात, संपत आलेली सर्टिफिकेटं एकदम बाद होतात, आणि कधीतरी एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) ते पुन्हा मागे ओढतो. तुमच्याकडे झोनच बदलला, हे नशीब समजा.)

आता पहिली आणि दुसरी तऱ्हा. दोन्ही सर्व्हिसेस जीलिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी वापरतात, पण एक 'लोकलटाइम' हे फंक्शन बोलावते आणि दुसरी 'लोकलटाइम-आर', म्हणजे थ्रेडसाठी (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांसाठी) सुरक्षित मानलेलं भावंड. नावं सारखी, वागणं वेगळं. टीझेड हा झोन सांगणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला बाहेरून मिळणारी सेटिंग) दिलेला नसेल, तर 'लोकलटाइम' दर वेळी त्या लिंकवर स्टॅट कॉल करून फाइल बदलली का ते तपासतं. आयनोड (फाइलचा डिस्कवरचा क्रमांक) किंवा फाइलची वेळ वेगळी दिसली की नवी फाइल वाचतं. म्हणून पहिल्या सर्व्हिसचा लॉग लगेच बदलला. 'लोकलटाइम-आर' मात्र प्रोसेसमध्ये झोनची माहिती एकदा भरली गेली की पुन्हा तपासत नाही. पॉझिक्स या युनिक्स-मानकाची त्याच्याकडून तशी सक्तीही नाही.

मग दुसरी सर्व्हिस १०:४० ला कशी जागी झाली? झोनची माहिती प्रोसेसभर एकच असते, सगळ्या थ्रेडना सामाईक. 'एमकेटाइम' हे फंक्शन बोलावलं की ते आतून टीझेडसेट हे झोनची माहिती भरणारं फंक्शन बोलावतं आणि फाइल पुन्हा तपासतं. तुमच्या लॉगचा तो तुकडा मी असा वाचतो:

०५:१०:४१ विनंती आली
०५:१०:४४ सीएसव्ही फाइल वाचायला घेतली
१०:४०:४४ पहिल्या ओळीतली तारीख वाचली

सीएसव्हीतली तारीख वाचणाऱ्या कोडने एमकेटाइम बोलावलं, आणि त्या क्षणापासून त्या प्रोसेसमधले सगळे थ्रेड भारतीय वेळेवर गेले. त्या दिवशी कुणी सीएसव्ही टाकली नसती, तर हा बदल गुरुवारी झाला असता, किंवा पुढच्या महिन्यात. म्हणून 'लोकलटाइम वापरा, ते आपोआप ओळखतं' हा सल्ला मी देत नाही. ते थ्रेडसाठी सुरक्षित नाही, आणि बदल कधी लागू होईल हे तुमच्या हातात राहत नाही. शिवाय दर लॉग ओळीमागे एक स्टॅट कॉल होतो. तो वाचवायला अनेक जण टीझेडमध्ये मुद्दाम त्या लिंकचाच पत्ता घालून ठेवतात. मग टीझेडचा मजकूर तोच राहतो, आणि जीलिबसी मजकूर बदलला नसेल तर फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे कामगिरीसाठी केलेल्या एका ओळीने बदल ओळखणं बंद पडतं. सर्व्हिस चालवण्याच्या सेटिंग्ज असलेल्या युनिट फाइलमध्ये अशी ओळ आहे का ते एकदा बघून घ्या.

तिसरी तऱ्हा सर्वांत सोपी. जावाचं व्हर्च्युअल मशीन डीफॉल्ट झोन एकदाच ठरवतं आणि धरून बसतं. गो भाषेतही 'लोकल' एकदाच भरला जातो. पायथॉन आतून लोकलटाइम-आर वापरतो, त्यामुळे टाइम मॉड्यूलमधलं टीझेडसेट स्वतःहून बोलावल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही. डॉटनेटमध्ये झोनची कॅश (मेमरीत धरलेली प्रत) रिकामी करायचं वेगळं फंक्शन आहे. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि एकाच सिस्टिममध्ये चार भाषा नांदत असतील तर बदलानंतर चार उत्तरं येणारच.

डेटाबेसकडेही लक्ष द्या, तिथली चूक जास्त काळ टिकते. पोस्टग्रेस ९.२ पासून इनिटडीबीच्या, म्हणजे डेटाबेस पहिल्यांदा उभारण्याच्या, वेळी सापडलेला झोन आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मशीनचा झोन बदलून त्याला फरक पडत नाही. मायएसक्यूएल सुरू होताना सिस्टिमचा झोन टिपून घेतो. तिथे टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीत साठतो, पण डेटटाइम कॉलम जे दिलं तेच, झोनशिवाय, साठवतो. तुमच्या टेबलात डेटटाइम असेल आणि वेळ ॲप्लिकेशनकडून येत असेल, तर मंगळवार संध्याकाळपासून एकाच कॉलममध्ये दोन प्रकारच्या वेळा पडल्या आहेत. कंटेनर (होस्ट मशीनवर वेगळे कोंडून चालवलेले प्रोग्रॅम) असतील तर आणखी एक मेख आहे. होस्टची लोकलटाइम फाइल कंटेनरमध्ये माउंट केलेली (जोडलेली) असली, तरी माउंट होताना लिंक सुटून तिच्यामागची खरी फाइल बांधली जाते. होस्टवर लिंक बदलली तरी कंटेनर जुनीच फाइल बघत बसतो.

आता रिपोर्ट. लॉग भारतीय वेळेवर आला, तरी रिपोर्ट पहाटे पाचला का आला? कारण शेड्युलरने (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या भागाने) 'पुढची वेळ' आधीच काढून ठेवली होती. सोमवारचा रिपोर्ट पाठवून झाल्यावर त्याने 'मंगळवार २३:३०' याचे एपॉक सेकंद काढले, तेव्हा झोन यूटीसी होता. यूटीसीतले २३:३० म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे ५:००. तो आकडा मेमरीत ठेवून थ्रेड झोपी गेला. झोन बदलला तेव्हा तो झोपेतच होता. उठला तो ठरल्या सेकंदाला, पण 'आज कोणती तारीख' हे त्याने नव्या झोनमध्ये विचारलं. उत्तर आलं बुधवार. म्हणून फाइलला बुधवारचं नाव पडलं आणि आत फक्त पहाटेपर्यंतचे पाच तास आले. पुढची वेळ त्याने नव्या झोनने काढली ती बुधवार २३:३०, त्या वेळी पुन्हा बुधवारच्याच नावाने फाइल लिहिली गेली आणि पहिलीवर पडली. मंगळवारच्या नावाचा रिपोर्ट तयारच झाला नाही. तुमच्या फोल्डरमध्ये तो नसणार, बघा.

इथे चूक टाइमझोन बदलणाऱ्याची मला फारशी वाटत नाही. शेड्युलरला 'रोज २३:३०' एवढंच सांगितलं होतं. कुठले २३:३०, हे सांगितलं नव्हतं. न सांगितलेली गोष्ट प्रोसेस आजूबाजूच्या वातावरणातून उचलते, आणि वातावरण कुणीही बदलू शकतं. म्हणून माझा आग्रह एकच असतो: झोन हा मशीनचा गुणधर्म मानू नका, त्या वेळेचाच भाग माना. '२३:३०, एशिया/कोलकाता' असं कॉन्फिगमध्ये लिहा आणि कोडमध्ये नाव घेऊन झोन मागवा. पायथॉन ३.९ पासून झोनइन्फो आहे, जावात झोनआयडी आहे, सी++२० मध्ये क्रोनो लायब्ररीतच झोनची सोय आली. असं केलं की सर्व्हर यूटीसीवर असो, भारतीय वेळेवर असो, नाहीतर उद्या कुणी सिंगापूरच्या क्लाउडवर नेऊन ठेवो, रिपोर्ट साडेअकरालाच येतो.

नाव म्हणजे नावच हवं, ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) नव्हे. +०५:३० लिहून आपलं भागतं, कारण आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही. (निदान आता नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं काही काळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. १९४५ च्या आधीच्या जन्मवेळा हाताळत असाल तर लायब्ररी तुम्हाला कधीतरी चकवेल, आणि बरोबर तीच असेल.) पण पुण्यातल्या निम्म्या टीम अमेरिकेच्या क्लायंटसाठी काम करतात. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ऑफसेट बदलतो, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. न्यूयॉर्कसाठी -०५:०० असं कोडमध्ये कोरून ठेवलेला जॉब वर्षातले जवळपास आठ महिने चुकीचा असतो. 'आयएसटी' ही तीन अक्षरंही वापरू नका. आयर्लंड आणि इस्रायलही तीच वापरतात.

साठवणुकीबाबत: घडून गेलेली गोष्ट यूटीसीत ठेवा. पुढे घडणारी, माणसांनी ठरवलेली गोष्ट मात्र स्थानिक वेळ अधिक झोनचं नाव अशी ठेवा आणि एपॉक सेकंद शक्य तितक्या उशिरा काढा. 'सगळं यूटीसीत ठेवा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण भविष्यातल्या वेळांसाठी तो अपुरा आहे, कारण सरकारं नियम बदलतात आणि कधी कधी फार उशिरा सांगतात. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये उन्हाळी वेळ सुरू व्हायला दोनतीन दिवस उरले असताना ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. अनेक संस्थांनी ते मानलंच नाही, देशात दोन वेगवेगळ्या वेळा चालू लागल्या, आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. टाइमझोन डेटाची (जगभरच्या झोनच्या नियमांच्या सामाईक संग्रहाची) २०२३बी आवृत्ती त्या निर्णयासाठी निघाली आणि पाठोपाठ आलेली २०२३सी पुन्हा हुबेहूब २०२३ए सारखी होती. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून पूर्ण देश यूटीसी+५ वर आणला, अल्माटीची घड्याळं एक तास मागे गेली. अल्माटीतली एप्रिलची मीटिंग जानेवारीतच यूटीसीत करून ठेवली असती, तर ती तासभर चुकली असती.

महिनोन् महिने चालणाऱ्या प्रोग्रॅमला यातून वेगळीच अडचण येते. झोनचं नाव तेच राहतं, पण त्याखालचे नियम बदलतात. तुम्ही टाइमझोन डेटाचं पॅकेज अपडेट केलं तरी चालू प्रोसेसने नियम आधीच मेमरीत घेतलेले असतात. टीझेडमध्ये झोनचं नाव असेल तर जीलिबसी फाइल पुन्हा वाचत नाही, पायथॉनचा झोनइन्फो कॅश करतो, आणि जावा तर सहसा स्वतःबरोबर आलेला डेटा वापरतो, सिस्टिमचं पॅकेज त्याला लागूच होत नाही. या बाबतीत मला सी++२० ची रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. तिथे डेटा पुन्हा भरायचं फंक्शन आहे, आणि नवी आवृत्ती यादीत पुढे जोडली जाते, त्यामुळे जुन्या आवृत्तीकडचे पॉइंटर वैधच राहतात. बाकीच्यांसाठी मी सरळ सांगतो: झोन डेटा अपडेट झाला की सर्व्हिस ओळीने रीस्टार्ट करा. त्यात कमीपणा काही नाही.

म्हणजे बदल ऐकायची गरज कधीच नसते का? असते, जेव्हा 'वापरणारा जिथे आहे तिथली वेळ' हाच खरा अर्थ असतो. मोबाइलवरचा गजर घ्या. सकाळी सातचा गजर एपॉक सेकंदांत लावून माणूस मुंबईहून दुबईला गेला, तर तो तिथल्या साडेपाचला वाजेल. म्हणून अँड्रॉइडवर टाइमझोन बदलल्याचा ब्रॉडकास्ट ऐकून गजर नव्याने लावावे लागतात. आठव्या आवृत्तीने मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) नोंदवलेले बहुतेक ब्रॉडकास्ट बंद केले, त्यातून हा मुद्दाम वगळला आहे. आयओएस आणि मॅकवर अशीच सूचना येते. विंडोजवर झोन बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सेटिंग बदलल्याचा संदेश सगळ्या खिडक्यांना पाठवायचा असतो, तो ऐकता येतो. पण गजर पुन्हा लावण्याआधी अर्थ विचारा. 'नाश्त्यानंतरची गोळी' माणसाबरोबर दुबईच्या वेळेवर जायला हवी. 'दर आठ तासांनी' ही गोळी मात्र झोनशी संबंधित नाही, ती कालावधीची गोष्ट आहे, तिला मोनोटॉनिक घड्याळ (कधी मागे न जाणारं, फक्त गेलेला वेळ मोजणारं) लावा. (लिनक्सवर त्यातही मशीन झोपलेलं असतानाचा वेळ मोजायचा असेल तर बूटटाइम घड्याळ. साधं मोनोटॉनिक तो मोजत नाही.) आणि 'ऑफिसची सकाळी दहाची मीटिंग' पुण्याच्याच वेळेवर राहायला हवी, माणूस कुठेही असो. तिन्ही गोष्टी स्क्रीनवर सारख्याच दिसतात, त्यामुळे हा निर्णय कोड करणाऱ्यावर न सोडता आधीच विचारून घ्यावा.

लिनक्सवर खरंच ऐकायचं असेल, तर इनोटिफाय (फाइलमधले बदल कळवणारी सोय) लावा, पण लोकलटाइमच्या फाइलवर नको, ईटीसी डिरेक्टरीवर लावा. नवी लिंक बाजूला तयार होऊन नाव बदलून जुनीच्या जागी येते. फाइलवर नजर ठेवली तर तुम्ही लिंकमागच्या जुन्या फाइलकडे बघत बसाल, जिला काहीच झालेलं नाही. बदल दिसला की लिंक कुठे जाते ते वाचा. 'एशिया/कलकत्ता' आणि 'एशिया/कोलकाता' एकच आहेत, तेवढ्यावरून सगळं पुन्हा मोजू नका. मग टीझेडसेट एकाच ठिकाणाहून बोलावा आणि शेड्युलरला 'सगळ्या पुढच्या वेळा नव्याने काढ' असा संदेश द्या. सिस्टिमडीचे (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर वापरत असाल तर २४२ आवृत्तीपासून झोन बदलल्यावर युनिट चालवायची सोय आयतीच आहे. बारीकसारीक गरज असेल तर मिनिटाला एकदा लिंक वाचून जुन्याशी ताडून बघणंही पुरतं. ते दिसायला गबाळं, पण चालतं.

एक गोष्ट मात्र करू नका: चालू प्रोसेसमध्ये टीझेड बदलून, हवी ती वेळ काढून, पुन्हा जुना घालणं. एन्व्हायर्नमेंट प्रोसेसभर सामाईक असतं. एक थ्रेड ते लिहीत असताना दुसरा लोकलटाइम-आरमधून वाचत असेल, तर चुकीची वेळ सोडाच, प्रोसेसच कोसळू शकते. रस्टमधल्या टाइम आणि क्रोनो या लायब्रऱ्यांवर सुरक्षा-सूचना निघाल्या होत्या त्या याच कारणाने.

चाचणीसाठी टेस्ट सूट तीनचार झोनमध्ये चालवा. माझी नेहमीची निवड म्हणजे यूटीसी, न्यूयॉर्क, काठमांडू आणि ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ बेट. काठमांडू पावणेसहा तासांवर आहे, त्यामुळे अर्ध्या तासांचाच हिशेब धरणारा कोड तिथे उघडा पडतो, आणि लॉर्ड हाउला उन्हाळी वेळेत घड्याळ फक्त अर्धा तास सरकतं.

आता तुमचं आजचं काम. टाइमझोन पुन्हा यूटीसीवर फिरवू नका, गोंधळ दुप्पट होईल. फक्त भारतात चालणाऱ्या सिस्टिमचा सर्व्हर भारतीय वेळेवर असला तर मी नाक मुरडणार नाही. यूटीसी मला जास्त आवडतं इतकंच. जे ठेवाल ते ठेवा आणि नंतर बदलू नका. गर्दी नसलेल्या वेळी तिन्ही सर्व्हिसेस, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा), सिसलॉग (सिस्टिमचा लॉग लिहिणारा) आणि मायएसक्यूएल असेल तर तोही रीस्टार्ट करा. लॉगच्या प्रत्येक ओळीत ऑफसेट छापायला लावा, म्हणजे पुढच्या वेळी १०:४०:४४ +०५:३० असं दिसेल आणि वाद उरणार नाही. रिपोर्टच्या जॉबला तारीख बाहेरून द्यायची सोय करा आणि 'रिपोर्टचं नाव अधिक तारीख' यावर युनिक बंधन घाला, म्हणजे दुसरी फाइल पहिलीवर न पडता एरर येईल.

डेटटाइम कॉलममधल्या मिसळलेल्या ओळी वेगळ्या करायला ऑटो-इन्क्रिमेंट आयडीच्या क्रमाने लावून शेजारच्या दोन ओळींतला फरक काढा. जिथे तो एकदम १९,८०० सेकंदांच्या आसपास उडी घेतो, तिथे त्या सर्व्हिसचा झोन बदलला. हे प्रत्येक सर्व्हिससाठी वेगळं करा, कारण तिघींच्या उड्या वेगवेगळ्या वेळी आहेत, आणि जावाची तर तुम्ही रीस्टार्ट कराल तेव्हाच येणार आहे. ती वेळ आत्ताच टिपून ठेवा. ओळी दुरुस्त झाल्यावर मंगळवारचा रिपोर्ट हाताने चालवा. यूटीसीत त्याची हद्द सोमवार १८:३० पासून मंगळवार १८:३० पर्यंत, आणि शेवटचा सेकंद धरायचा नाही.